इम्पल्सची सुपरमोटो: जुन्या १५० मधून ताकद काढतानाच्या नोंदी

२ मार्च २०२५

गाडी हीरो इम्पल्स, २०१२ ची. आधीच्या मालकाने पुढचं १९ इंची चाक काढून १७ इंची स्पोक रिम टाकली, दोन्हीकडे रोडचे रुंद टायर चढवले (मातीतल्या गाडीला रोडची चाकं, हीच सुपरमोटो), हेडलाइट-इंडिकेटर काढले आणि दोन-तीन हंगाम पळवून कोपऱ्यात लावून दिली. आता भाचा चालवतो, पाना मी धरतो. जागा छत्रपती संभाजीनगर, चिकलठाण्याच्या बाजूचं एक पत्र्याचं शेड. गाडी रस्त्यावर काढत नाही. मूळ गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आणि आमच्याकडे विम्याचाही घोळ नको. ट्रॅकवर न्यायची तर छोट्या हत्तीत टाकून.

ज्यांच्याकडे ही गाडी पडून आहे त्यांच्यासाठी आकडे: १४९.२ सीसी, एअर कूल्ड, दोन वॉल्व्ह, कार्बोरेटर. बोअर ५७.३, स्ट्रोक ५७.८ मिमी, कॉम्प्रेशन ९.१. कंपनीने दिलेली ताकद १३.२ पीएस, ७५०० आरपीएमला. हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीम याच घराण्यातल्या. म्हणजे पिस्टन, वॉल्व्ह, पॅकिंग शोधत फिरावं लागत नाही. जुन्या गाडीत ही मोठी सोय आहे.

पहिला सल्ला सगळ्यांकडून एकच येतो: करिझ्माचं २२३ सीसी इंजिन टाका. बसतंही. पण आम्ही ज्या गटात उतरतो तिथे १६५ सीसीची मर्यादा आहे, त्यामुळे तो विषय पहिल्याच दिवशी संपला.

मोजायची पद्धत आधी ठरवून घेतली, कारण 'पिकअप वाढला वाटतंय' याला काही अर्थ नसतो. शेंद्र्याकडे ओळखीच्या एका आवारात सरळ सिमेंटची पट्टी आहे. तिसरा गिअर, ताशी ३० वरून पूर्ण थ्रॉटल, ७० ला बंद. जीपीएसवर वेळ घ्यायची, जाताना आणि येताना, दोन्हींची सरासरी. सकाळी साडेसहाला, वारं पडलेलं असताना. आजची वेळ ७.९ सेकंद.

वेळ कायम सकाळीच घेण्याचं कारण साधं आहे. मार्चमध्ये इथे पहाटे २० अंश आणि दुपारी ३६-३७ असतं. तेवढ्या फरकाने हवा पाच टक्क्यांनी पातळ होते, आणि इंजिनही तितकंच ढिलं पडतं. सकाळी जुना जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि दुपारी नवा जेट तपासला तर जेटला उगाच दोष लागतो.

५ मार्च

इंजिनाच्या वरच्या भागाला हात लावला नाही. गाडी स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. दीड फेऱ्यात थांबलं. ड्रमचे ब्रेक शू घासत होते, कॅमची दांडी गंजून परत येत नव्हती. चेन एका जागी ताठ, दुसरीकडे लोंबती. दांडी काढून साफ केली, ग्रीस लावलं, शू बदलले, चेनचे आखडलेले कडे डिझेलमध्ये भिजवून मोकळे केले.

क्लच उघडला तर प्लेटा जळक्या वासाच्या. चौथ्या गिअरमध्ये आरपीएम चढायचा आणि वेग मागे राहायचा, त्याचं कारण इथे सापडलं. नवीन प्लेटा, स्प्रिंगा मूळच्याच.

सकाळची वेळ: ७.३. सिलिंडरची एक नटसुद्धा न हलवता.

९ मार्च

कॉम्प्रेशन मोजलं. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, किकने. गेजवर ११८ पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं: १२४. ऑइलने रिंगा तात्पुरत्या सील होतात. दाब तेवढ्याने उसळला असता तर दोष रिंगांचा. इथे जेमतेम सहाने वाढला, म्हणजे गळती वर आहे, वॉल्व्हमध्ये.

खात्री करायला आमच्या मेकॅनिक उस्तादांनी एक जुगाड दिला. जुन्या स्पार्क प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढायचं आणि त्या जागी ट्यूबचा वॉल्व्ह ब्रेझिंगने बसवायचा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगायचा (नाहीतर हवा पिस्टन खाली ढकलते), मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. कार्बोरेटरच्या तोंडातून आली तर इनलेट. ऑइल टाकायच्या झाकणातून आली तर रिंगा.

आमच्याकडे सायलेन्सरमधून एवढी हवा यायची की भाच्याने समोर हात धरला तर गार लागत होती. झाकणातूनही थोडी होतीच.

उस्ताद रोशन गेटकडचे. इम्पल्स, हंक असली इंजिनं त्यांना तोंडपाठ. त्यांचं एक वाक्य इथे लिहून ठेवतो: "भाऊ, गाडी नुसती वरडायलीय, पळंना गेलीय. आधी तिचा दम कुठं सुटायलाय ते बघा, मग फ्री-फ्लो घ्या."

१५ मार्च

हेड (सिलिंडरचं वरचं झाकण, वॉल्व्ह यातच) उतरवलं. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे वॉल्व्ह टेकतो त्या काठावर, पाव वर्तुळात काळे खड्डे. वॉल्व्हची कडही तिथेच जळून पातळ झालेली. इनलेट वॉल्व्हच्या पाठीवर खडखडीत कार्बन, नख लावलं तर पापुद्रा निघेल असा. एक्झॉस्टचा गाइड (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) ढिला, वॉल्व्ह उचलून हलवला की हाताला खेळ जाणवतो. अशा गाइडमध्ये नुसती नवी सीट कापून उपयोग नाही, वॉल्व्ह पुन्हा वाकडा बसतो आणि दोन शर्यतींत मूळपदावर येतो.

ठरलं: दोन्ही वॉल्व्ह नवे, एक्झॉस्ट गाइड नवा, सीट कटरने तीन कोनांत कापायची, सील नवे. पोर्टमध्ये मात्र मी थोडंच केलं. इनलेटच्या आत ओतकामाची एक कड उभी राहिली होती, ती काढली. मॅनिफोल्डचं रबर आणि पोर्ट यांच्यात मिलिमीटरभराची पायरी होती, ती जुळवली. पोर्ट मोठा केला नाही. एवढ्या लहान इंजिनात पोर्ट फुगवला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग मरतो, आणि सुपरमोटोत अर्धी शर्यत वळणातून बाहेर निघण्याची असते.

सीट झाल्यावर तपासणी घरीच: वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं, दहा मिनिटं ठेवलं. चेंबरच्या बाजूला थेंब नाही.

२१ मार्च

इथे आठवडा गेला. ब्लॉक (पिस्टन चालतो तो सिलिंडर) वरच्या बाजूला किंचित अंडाकृती झाला होता, म्हणून ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घेऊन एका बोअरिंगवाल्याकडे दिला. परत आला तो दिसायला झकास, आतल्या भिंतीवरच्या तिरप्या रेघा, म्हणजे क्रॉस हॅच, सुंदर. पण बोअर गेज लावला तर पिस्टन आणि ब्लॉकमधलं अंतर ९० मायक्रॉन. हवं ३० ते ४०. एवढ्या अंतरात पिस्टन थंडीत खडखडतो, रिंगा हेलकावतात, ऑइल वर चढतं.

तपासायचं कसं, ते लिहितो, कारण बरेचजण ब्लॉक हातात आला की सरळ बसवतात. पिस्टनचं माप वरून घ्यायचं नाही. स्कर्टच्या खालच्या काठापासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने. ब्लॉकचं माप वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. मायक्रोमीटर नसेल तर वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम करणारा एखादा दोस्त गाठा. या शहरात प्रत्येकाच्या घरात एक तरी टूलरूमवाला असतोच. पिस्टन आधी द्यायचा, त्याच्या मापाने बोअर करा म्हणायचं, आणि अंतराचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा.

बोअरिंगवाल्याने मजुरी पुन्हा घेतली नाही. पिस्टनचे पैसे मात्र गेले. आता ०.७५. बोअर ५८.०५ मिमी झाला, म्हणजे सुमारे १५३ सीसी. ओव्हरसाइज पिस्टनने ताकद वाढते असं सांगणाऱ्यांनी हा हिशेब करावा: पाऊण मिलिमीटर मोठा पिस्टन घालून चार सीसी मिळाले. ताकद येते ती नव्या रिंगा नीट सील होतात म्हणून.

२९ मार्च

ब्लॉक दुसऱ्या ठिकाणी तयार आहे, पण आणता येत नाही. उद्या पाडवा, परवा ईद. बाजार दोन्ही दिवस बंद, उस्तादही मंगळवारपर्यंत भेटायचे नाहीत. शेड झाडून घेतलं.

६ एप्रिल

आज हेड अर्धा मिलिमीटर सरफेस करून (खालून तासून) आलं. ब्लॉकमध्ये अंतर ३५ मायक्रॉन, वर-खाली सारखं.

कॉम्प्रेशनचा हिशेब कागदावर न करता मोजून केला. जुनं सगळं जोडलेलं असतानाच पिस्टन वरच्या टोकाला ठेवून प्लगच्या भोकातून सिरिंजने पातळ ऑइल भरलं होतं. प्लगच्या आट्यांची जागा वजा जाता १८.४ सीसी. आता पुन्हा तसंच भरलं तर १७.१. भागाकार केला की ९.९ च्या आसपास येतं. इथेच थांबलो. १०.५ पर्यंत जाता येतं असं म्हणणारे भेटले, पण ते पुण्याच्या जानेवारीत गाडी चालवतात.

अर्धा मिलिमीटर हेड खाली आलं की दोन गोष्टी बदलतात. एक, वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. पिस्टनच्या डोक्यावर पोरांच्या खेळण्यातली क्ले थापून, जुनं पॅकिंग लावून हेड कसलं, इंजिन पान्याने हळूहळू दोन फेरे फिरवलं, उघडलं. क्लेवर दोन वॉल्व्हचे चंद्रकोरीसारखे ठसे. ब्लेडने मधोमध कापून सर्वांत पातळ जागा मोजली: इनलेटला २.३ मिमी, एक्झॉस्टला त्याहून जास्त. चालतंय. दुसरं, टायमिंग चेनची ताठ बाजू तेवढी आखूड होते आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम एक-दोन अंश मागे पडतो. याने खालचा दम किंचित कमी होऊ शकतो. ॲडजस्ट होणारं स्प्रॉकेट करून घ्यायचं का, हा विचार केला आणि सोडून दिला. तेवढ्या फरकासाठी लेथवर आणखी आठवडा घालवण्याची इच्छा नव्हती.

१० एप्रिल

तिसऱ्या किकला चालू. धूर पहिल्या मिनिटातला असेंब्लीच्या ऑइलचा, नंतर स्वच्छ. रन-इनसाठी (नवे भाग रुळायला) एकाच आरपीएमला तासन् तास घोंगावत ठेवायची पद्धत आम्ही पाळली नाही. अर्धा थ्रॉटल, आरपीएम वर, मग थ्रॉटल सोडून खाली, पुन्हा वर. पहिलं ऑइल वीस किलोमीटरला काढलं. त्यात चंदेरी भुकटी होती, ती असतेच.

१६ एप्रिल

कॉम्प्रेशन १७६ पीएसआय. वेळ ६.६.

कार्बोरेटर, फिल्टर, सायलेन्सर अजून मूळचेच आहेत, हे लक्षात ठेवा.

१९ एप्रिल

भाच्याची हौस. २८ मिमीचा राउंड स्लाइड कार्बोरेटर, कोन फिल्टर, फ्री-फ्लो (आत अडथळा कमी असलेला) सायलेन्सर, सगळं एकदम बसवलं. आवाज असा की शेजारच्या शेडमधला वेल्डर बघायला आला. वेळ ७.०.

मंद झाली. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल झटकन उघडला की गाडी घुटमळते, मग अचानक सुटते. भाचा म्हणाला, "मामा, वर लई पळते." वर पळते हे खरं. ७५०० च्या पुढे खरोखर चांगली ओढते. पण गोकार्टच्या ट्रॅकएवढ्या जागेत वर जायला मिळतंय किती?

पायलट, निडल क्लिप, स्लाइड कटअवे, कार्बोरेटरच्या मिश्रणाचं सगळं फिरवून पाहिलं. घुटमळणं कमी झालं, गेलं नाही. दोन वॉल्व्हच्या दीडशे सीसीला खालच्या आरपीएमला २८ चं तोंड फार मोठं पडतं. हवा संथ जाते आणि जेटमधून पेट्रोल ओढायला पुरेसा जोर राहत नाही. शिवाय हा कार्बोरेटर नकली निघाला. स्लाइड बोटाने हलवली की कटकट वाजत होती.

२२ एप्रिल

कोन फिल्टर आज काढला, आणि कायमचा. इनटेकच्या रबरात बोट फिरवलं तर बोटावर करड्या रंगाचं मलम आलं. चिमटीत घासलं की करकरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची जी धूळ उडते ती पिठापेक्षा बारीक असते, आणि या जाळीच्या फिल्टरमधून ती आरामात जाते. हेच मलम नव्या रिंगांवर पॉलिश पेपरचं काम करणार होतं.

मूळ एअर बॉक्स परत. त्याच्या तोंडाला जी अरुंद रबरी नळी असते ती काढून टाकली आणि झाकणाला वरच्या बाजूने खिडकी कापली. फिल्टर मूळचा फोमचा, ऑइल लावून. हवा भरपूर मिळते, धूळ बाहेर राहते. खर्च शून्य. ऑइल आजच बदललं, ठरलेलं नसताना.

२७ एप्रिल

या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी दिवस हा.

२८ चा काढून मूळचा सीव्ही कार्बोरेटर बसवायचा होता. बसवण्याआधी उस्तादांनी सहज विचारलं, "याची स्लाइड पुरी उचलते का, पाहिलं का कधी?" पाहिलं नव्हतं. तो इंजिनावर चढवला, मागचं रबर काढून ठेवलं, गाडी चालू केली, आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल मारला. स्लाइड निम्म्याच्या थोडी वर आली आणि तिथेच थरथरत राहिली.

सीव्हीमध्ये स्लाइड केबलने उचलत नाही. वर एक पातळ रबरी पडदा असतो, त्याच्या वरच्या बाजूला व्हॅक्यूम तयार होतो आणि तो स्लाइडला ओढतो. पडदा काढून मोबाइलच्या टॉर्चवर धरला. घडीजवळ टाचणीच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका. त्याशिवाय पडदा फुगून सैल झालेला, खाचेत परत बसेना. फ्लोट बोलची (खालच्या पेट्रोलच्या वाटीची) ओ-रिंगही तशीच, मापापेक्षा मोठी. जुनं रबर आणि पंपावरचं आताचं इथेनॉलचं पेट्रोल यांचं जमत नाही.

म्हणजे इतकी वर्षं ही गाडी अर्ध्याहून थोड्या जास्त उघडलेल्या कार्बोरेटरवर शर्यती खेळत होती. पडदा वेगळा मिळत नाही, स्लाइडसकट घ्यावा लागतो. नवा बसवला. निडलखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर टाकला.

वेळ ६.१. घुटमळणं नाही.

मूळ कार्बोरेटर बदलायचा विचार करत असाल तर आधी हा टॉर्चचा प्रयोग करा. दोन स्क्रू काढायचे असतात.

४ मे

आता मिश्रण.

सकाळी चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर गाडी हेंदकाळते, पुढे-मागे ओढल्यासारखी. पूर्ण थ्रॉटलवर किलस्विच दाबून, क्लच धरून थांबवली आणि प्लग काढला. चिनीमाती पांढरीफटक. पेट्रोल कमी पडतंय.

पेट्रोलच बदललंय, जेट जुन्या काळाचा आहे. साध्या पेट्रोलला एक किलो जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त पेट्रोल द्यायला हवं. जेटचा नंबर ढोबळमानाने भोकाच्या व्यासाचा असतो आणि प्रवाह क्षेत्रफळावर जातो, त्यामुळे नऊ टक्के पेट्रोलला नंबर साडेचार टक्क्यांनी वाढवायचा. माझ्याकडे ११० होता, हिशेबाने ११४-११५. एअर बॉक्स मोकळा केलाय म्हणून आणखी थोडा. ११५ ने प्लग फिकट राहिला, ११८ ने विटकरी झाला. १२० ला वर गाडी जड झाली. ११८ वर थांबलो.

ऊसपट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं बरं नाही, निम्मं पाहुणेमंडळ कारखान्याला ऊस घालतं. आणि त्याचा एक फायदाही आहे: ई२० चा ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेटू न देणारा गुण) साध्या ९१ पेक्षा चांगला, ९५ च्या घरात. कॉम्प्रेशन वाढवायला तो मदतच करतो. फक्त शर्यत झाली की टाकी आणि फ्लोट बोल रिकामी करायची. महिनाभर तसंच ठेवलं तर बोलच्या तळाला पाणी आणि पांढरी साय जमते.

त्याच दुपारी, ४१ अंशांत, दुसरा प्रश्न. तिसऱ्या गिअरमध्ये खालून जोर लावला की हेडमधून बरणीत खडे हलवल्यासारखा आवाज. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटणं. जेट आणखी मोठा करून पाहिला, फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण गरम पातळ हवेत मिश्रण आपोआपच दाट होतं. उष्णता कुठेतरी साठत होती.

११ मे

हेड पुन्हा उघडलं, एक पॅकिंग गेलं. सापडलं ते डोळ्यांना नव्हे, अंगठ्याला. सरफेस केल्यावर चेंबरच्या काठाला ब्लेडसारखी धार राहिली होती आणि ती एका बाजूने निळसर झाली होती. असली पातळ कड तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. बारीक पॉलिश पेपरने काठ गोल केला, पिस्टनच्या डोक्यावरच्या वॉल्व्हच्या खाचांच्या कडाही. प्लग एक नंबर थंड घेतला. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ८ च्या जागी ९.

हेड सरफेस करणाऱ्या कुणीही तुम्हाला ही कड मारून दिली नसणार. मागून घ्या किंवा घरी करा.

दुपारी ४२ मध्ये चालवली. आवाज नाही.

१८ मे

फ्री-फ्लोची परीक्षा. मूळ सायलेन्सरने ६.१, फ्री-फ्लोने ६.३. वर थोडं जास्त, मध्ये बरंच कमी. आतली जाळीची नळी ४५ मिमीची होती, एखाद्या चारशे सीसीला शोभेल अशी. वेल्डरने ती काढून ३२ ची भोकं पाडलेली नळी घातली, भोवती ग्लासवूल नव्याने गुंडाळलं, बेंड पाइपच्या तोंडाचं तांब्याचं पॅकिंग बदललं (तिथून फुटणाऱ्या हवेमुळेच थ्रॉटल सोडल्यावर फटफट होत होती). वेळ ५.९, आणि आवाज माणसांत आला. वजन मूळ सायलेन्सरपेक्षा अडीच किलो कमी. हा फायदा घड्याळात नाही दिसला तरी वळणात दिसतो.

२५ मे

पाऊस. मे महिन्यातच असा पाऊस की पट्टीवर डबकी. चाचणी रद्द, टॅपेट (वॉल्व्हमधली बारीक फट) तपासले. एक्झॉस्टचा किंचित घट्ट झालेला, नवी सीट बसते तसं होतंच. परत लावला.

८ जून

पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर. नांदेडचा एक मित्र त्याची हात न लावलेली इम्पल्स घेऊन आला होता, म्हणून तुलना एकाच यंत्रावर, एकाच दुपारी झाली. त्याची १०.९ एचपी चाकावर. आमची १२.९. आलेख पाहिला तर फरक सगळीकडे आहे, नुसता टोकाला नाही. साडेचार हजारालाच आमची रेघ वर आहे.

पुणे आणि संभाजीनगर दोन्ही साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे जेट बदलावा लागला नाही. मुंबईला खाली उतरायचं असेल तर मेन जेट एक पायरी वर घेऊन जा.

भाच्याने तुलनेला मित्राची गाडी दोन फेऱ्या चालवली आणि परत आल्यावर पहिलं वाक्य: "हिच्या क्लचमध्ये पण लफडं आहे मामा." होतंच.

खर्च, गोळाबेरीज. कामाला आलेलं: वॉल्व्ह, गाइड, सीट, सील मिळून २,३६०. पिस्टन सेट आणि बोअर १,९००. सरफेस ४००. पॅकिंग, दोनदा, ७६०. क्लच प्लेटा ७८०. सीव्हीची स्लाइड १,१५०. जेट ३२०. ब्रेक शू आणि किरकोळ ३५०. सायलेन्सर ३,५०० आणि त्यावरचं वेल्डिंग ४००. ऑइल १,६००. वाया गेलेलं: २८ चा कार्बोरेटर २,८००, कोन फिल्टर ६५०, पहिला पिस्टन १,४५०. डायनो आणि छोट्या हत्तीचं भाडं वेगळं, ते लिहिलं तर घरात वाचलं जाईल.

वेळेत सगळ्यात मोठी उडी कशाने आली ते वरच्या आकड्यांतून दिसतंच. ब्रेक-क्लच, वॉल्व्हची सीट, रबरी पडदा. कॉम्प्रेशन वाढवल्याने नेमकं किती आलं ते वेगळं सांगता येत नाही, कारण ते रिंगा-वॉल्व्हबरोबर एकदमच झालं. पुन्हा केलं तर मधे एक वेळ घेईन.

१५ जून

शर्यतीनंतर. इंजिन ठीक, ऑइल एका हीटला नगण्य खाल्लं, प्लग विटकरी. आठव्या लॅपला दुसरा गिअर सुटला आणि पुन्हा दोनदा सुटला. वाढलेला जोर आता जुन्या गिअरच्या डॉगवर (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांवर) येतोय. उस्तादांना फोन केला तर म्हणाले, क्रँककेस फोडावी लागेल, पावसाळ्यात आणा, तेव्हा दुकानात गर्दी नसते. शिफ्ट फोर्क आणि दुसऱ्या गिअरची जोडी हंकची चालते का ते पार्ट नंबरवरून जुळवायचं काम सध्या चालू आहे. तोपर्यंत दुसऱ्यात पाय लिव्हरखाली ठेवून चालवायची, असं भाच्याचं म्हणणं. चालवू देणार नाही.